एकाच गाडीची जागा

फर्न लेक, जॉर्जिया
६ फेब्रुवारी

चि. ऑरिन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू अडुसष्ट वर्षांचा झालास, तुझे गुडघे माझ्यापेक्षा जास्त कुरकुरतात, तरी मी तुला चिरंजीवच लिहिणार. फोन तू उचलत नाहीस. लर्लीन होती तेव्हा ती धावत येऊन उचलायची. ती गेल्यापासून तुझा फोन नुसता भिंतीवर शोभेला आहे. म्हणून पत्र. आणि ज्या बाईने एकतीस वर्षं टकर्स गॅपच्या डोंगरात दारोदार टपाल टाकलं, तिने घरची खबर फोनवरून सांगावी हे मला तसंही पटत नाही.

आम्ही आता बऱ्यापैकी रुळलो. घर लहान आहे पण कोरडं आहे आणि लेक जनेल दहा मिनिटांवर राहते. तिने इथे आणलं नसतं तर बरं, असं मी आठवड्यातून एकदाच म्हणते. डिसेंबरात रोज म्हणत होते. या गावात सगळे गोल्फच्या गाड्यांतून फिरतात. चर्चला त्याच, न्हाव्याकडे त्याच, किराणा आणायलाही त्याच. पाइनच्या झाडांतून त्यांच्यापुरते वेगळे रस्ते काढलेत, मोटारींना तिथे मज्जाव. पहिल्या दिवशी मला वाटलं, गावातले सगळे म्हातारे जत्रेतल्या पाळण्यातून उतरून तसेच घरी निघालेत.

आता मुद्द्याचं. घरामागे गाडी ठेवायला एकच खण आहे आणि तो गोल्फच्या गाडीच्या मापाचा. आपली जुनी मोटार त्यात अर्धीसुद्धा जात नाही. ती सध्या पाहुण्यांच्या जागेत उभी असते, पण सोसायटीने तीस एप्रिलपर्यंतच मुदत दिली आहे. ती विकायची हे ठरलं. तिच्या जागी काय आणायचं, त्यावरून आमच्या घरात सध्या फार गोड बोलणं चाललंय. वेंडेल आणि मी इतकं गोड बोलायला लागलो की समजावं, काहीतरी बिनसलंय.

वेंडेलचा उजवा डोळा गेला हे तुला माहीतच आहे. डावाही अधू झाल्यावर लायसन्सवाल्यांनी नाही म्हटलं. अडतीस वर्षं शाळेची बस चालवली, एका पोराच्या गुडघ्याला खरचटू दिलं नाही, आणि आता हजामतीला जायचं तर मला विचारावं लागतं. पण इथल्या त्या पाइनच्या रस्त्यांवर लायसन्स लागत नाही. दिवसाउजेडी, सावकाश चालवायला डॉक्टरांची हरकत नाही. म्हणजे गोल्फची गाडी आणली तर तो पुन्हा आपल्या हाताने कुठेतरी जाईल.

आणि माझं म्हणशील तर, गावाबाहेर ट्रुएट नावाचे एक म्हातारे टपालवाले राहतात. त्यांच्याकडे जपानहून आणलेली एक चिमुकली गाडी विकायला आहे. आपल्या खणात बरोबर मावते, मी फूटपट्टी लावून आले. आणि ऑरिन, तिचं स्टिअरिंग उजवीकडे आहे! डावीकडच्या स्टिअरिंगची गाडी मी जन्मभर उजव्या सीटवर बसून चालवली, डावा हात आणि डावा पाय ताणून, कारण टपालाचे डबे उजव्या हाताला असतात. कंबर वाकडी झाली त्यात. खात्याने कधी धड गाडी दिली नाही. एकदा तरी सरळ बसून चालवावं असं मला वाटतं. शिवाय ती मोठ्या रस्त्यावर चालते. गोल्फच्या गाडीला गावाची वेस ओलांडता येत नाही. ती घेतली तर टकर्स गॅपला मी माझ्या हाताने कधीच येणार नाही. दर वेळी जनेलची सुट्टी बघायची.

एका घरात दोन ड्रायव्हर आणि मागे बसायला कोणी तयार नाही, अशी गत आहे. तू आयुष्यभर गवत कापायची यंत्रं दुरुस्त केलीस, चाकं असलेल्या वस्तूंतलं तुला कळतं. काय करू ते सांग.

जेवण वेळेवर कर. लोभ जितका आहे तितका ठेव, वाढवलास तर तुला पेलणार नाही.

तुझी
व्हर्लीनताई


टकर्स गॅप, टेनेसी
१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र डब्यात चार दिवस पडून होतं. मी हल्ली शनिवारीच डबा उघडतो. आत बिलं आणि बियाणांच्या जाहिराती, रोज कोण जाणार शंभर पावलं. तुझ्या जागी आलेली मुलगी कामाला चोख आहे, पण ती हॉर्न वाजवत नाही. तू हाताने लिहिलेलं पत्र असलं की दोनदा वाजवायचीस. लर्लीन ओट्यावरचा कॉफीचा कप उचलून तशीच पळायची, तुला द्यायला. आणि तू? धुरळा उडवून पुढच्या वळणावर. एकतीस वर्षांत तुझ्या भावजयीची कॉफी तू एकदा थांबून घेतली नाहीस. रोज तो कप मलाच प्यावा लागला. पुढे चारशे बारा डबे आहेत, हे एकच तुझं पालुपद.

आणि तुझे नियम तर विचारूच नकोस! लर्लीनच्या वाढदिवसाचं कार्ड मी गंमत म्हणून आमच्याच डब्यात ठेवलं, तर तू तिकीट नाही म्हणून ते काढून मला दुकानात आणून दिलंस. गिऱ्हाइकांसमोर. सख्ख्या भावाला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गोल्फची गाडी म्हणजे बसायची सोय केलेलं गवत कापायचं यंत्र, फक्त गवत कापत नाही. म्हणजे उपयोग शून्य. तुझी ती जपानी गाडी मी चित्रात पाहिली. तिच्यात मला बसवायचं तर आधी माझी घडी घालावी लागेल. ट्रकने मागून शिंक दिली तरी ती शेतात जाऊन पडेल. तेव्हा दोन्ही नकोत. जुनी मोटार ठेव आणि घर बदल.

आता चेष्टा पुरे. दाजींचं वाईट वाटतं गं. बस चालवताना ते कसे ताठ बसायचे, आरशातून एकेका पोराकडे बघत. पण तू इतकी वर्षं वाकडी बसलीस हेही मी पाहिलंय. मला यात बोलायला लावू नकोस. तुम्हां दोघांपैकी कोणाचंही मन मोडायला मी जबाबदार होणार नाही.

मेच्या शेवटच्या रविवारी डोंगरावर नेहमीप्रमाणे कबरी सजवायच्या. लर्लीनची पहिलीच वेळ, म्हणजे तिच्यासाठी फुलं नेण्याची. दर वर्षी तीच कागदाची फुलं करायची, मेण लावून, सगळ्यांच्या कबरींसाठी. यंदा कोण करणार, मला ठाऊक नाही. तू येशील ना? जेवण मी आणीन, पण तो सुक्या सफरचंदांचा सात थरांचा केक मला जमणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा
ऑरिन


फर्न लेक
४ मार्च

चि. ऑरिन यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कॉफीचं तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं आणि नंतर पत्र ड्रॉवरमध्ये ठेवून भांडी घासत बसले. खरंय तुझं. ती कप हातात घेऊन यायची हे मला आरशात दिसायचं. उद्या थांबू, असं रोज वाटायचं. जाऊ दे.

मंगळवारी ट्रुएटांकडे गेलो. गाडी साईच्या रंगाची आहे, वय तीस वर्षं, आणि उजव्या खिडकीच्या कडेचा रंग कोपराने घासून पार गेलेला. ती जागा बघितली आणि माझं मन तिथेच बसलं. वेंडेल डावीकडे बसला, मी उजवीकडे, स्टिअरिंग माझ्यापुढे. किल्ली फिरवली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझा डावा हात डावीकडे गेला, डावा पाय तिकडेच ताणला गेला. हातात वेंडेलच्या पँटचा पट्टा आला आणि पाय त्याच्या नडगीवर बसला. तो ओरडला. ट्रुएट हसत फाटकाला टेकले. म्हणाले, घाबरू नका बाई, माझ्या बायकोची नडगी पहिले आठ दिवस निळी होती.

मग तीन मैल गेले. सरळ बसून. कंबर गाडीच्या पाठीला टेकवून! आणि ऑरिन, मी वाटेतल्या प्रत्येक टपालाच्या डब्याशी थांबत होते. मला कळतच नव्हतं. एक बाई पडवीतून खाली आली आणि आज टपाल लवकर कसं, म्हणून विचारायला लागली. वेंडेलने टोपी काढून तिची माफी मागितली. परत येताना तो म्हणाला की ही तुझ्यासाठीच बनवली आहे, दुसऱ्या कोणाच्या हातात ती शोभणार नाही.

एवढ्यावर मी पत्र संपवलं असतं तर सोपं होतं. पण गुरुवारी शेजारच्या ओग्ल्सबीबाईंनी आपली गोल्फची गाडी त्याला फिरवून बघायला दिली. सकाळचे नऊ. तो एकटा गेला. मी खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत उभी राहिले. एवढं पाणी घातलं की खालची फरशी पुसावी लागली. पन्नास मिनिटांनी तो आला. डोनटची पेटी मांडीवर, टोपी मागे सरकवलेली, शीळ घालत. त्याची शीळ मी वर्षभरात ऐकली नव्हती. पायरीशी गाडी लावून तो म्हणाला, “मी पुन्हा जातोय त्या बाजूला. तुला काही आणायचंय का?”

गेलं वर्षभर हेच वाक्य मी त्याला रोज विचारतेय, रे. ते दुसऱ्या बाजूने ऐकायला कसं असतं हे मला गुरुवारी कळलं. मी लोणी आण म्हटलं. घरात लोणी होतं.

आता सांग, कोणाची गाडी आणू? मला माझी हवीय. खोटं कशाला बोलू. रात्रंदिवस हवीय. पण त्याची नाही आणली तर तो काही बोलणार नाही, हीच पंचाईत आहे.

उत्तर लवकर दे आणि डबा रोज उघड. माया आहे म्हणून ओरडते.

तुझी
ताई


फर्न लेक
९ मार्च

प्रिय ऑरिन,
स. न. वि. वि.

अक्षर मोठं काढलंय, लहान काढलं तर माझं मलाच दिसत नाही. मी पत्रं लिहीत नाही हे तू जाणतोस. व्हर्लीनने आयुष्यभर सगळ्यांची आणली, म्हणून मी ते खातं तिच्याकडेच सोपवलं होतं.

तिला ती छोटी जपानी गाडी घ्यायला लाव. तुझं ती ऐकते. तिच्या तोंडावर मी म्हटलं तर तिला वाटेल मी त्याग करतोय, आणि ती तिथल्या तिथे उलटं करेल. तू भाऊ आहेस, तू चिडवून काम साध.

मला बस मिळाली होती, चांगली, सरळ सीटची, अडतीस वर्षं. तिला कधीच मिळाली नाही. रोज संध्याकाळी घरी आली की तिची कंबर मीच चोळायचो. ती त्या गाडीत बसल्यावर कशी दिसली ते मला एका डोळ्यानेही दिसलं. डोनट आणायला मी चालत जाईन. लांब आहे, पण मला दुसरं काय काम आहे.

हे पत्र तिला सांगू नकोस. तिकीट तिच्याकडूनच मागून घ्यावं लागलं, म्हणून तिला आधीच संशय आहे. बँकेला लिहितोय असं सांगितलंय.

तुझ्यावर विसंबून,
वेंडेल


टकर्स गॅप
१८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डबा आता रोज उघडतो, खूश?

मी विचार केला. तू ती जपानी गाडीच घे. माझ्या मनात हे आपोआप आलं. मला कोणी काही सुचवलेलं नाही आणि कोणाचं पत्रही आलेलं नाही. दाजींचं तर नाहीच. दाजी कुठे पत्र लिहितात? ते चालत जातील डोनट आणायला. चालणं तब्येतीला चांगलं असतं, वाचलंय मी कुठेतरी.

तुझ्या कमरेचा विचार कर. आणि उजवीकडे बसलीस तर तुझा डावा पाय दाजींच्या नडगीवर जातो हे खरं, पण ते आठ दिवसांत सुटेल. इंजिन लहान असलं की बिघाडही लहान असतात. तेल वेळेवर बदल, म्हणजे ती तुला नव्वदीपर्यंत फिरवेल. चढावर हळू जाईल, तर जाऊ दे. तुला आता कुठे चारशे बारा डबे गाठायचेत.

एवढंच. जास्त लिहिलं तर चूक होईल. आशीर्वाद असू दे.

तुझा
ऑरिन


फर्न लेक
४ एप्रिल

चि. ऑरिन यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्याइतका वाईट खोटारडा आपल्या खानदानात दुसरा झाला नाही. मी डोनट शब्द लिहिला होता, पण ते चालत आणायचे, हे तुला कोणी सांगितलं? आणि ज्या बाईने एकतीस वर्षं लोकांची अक्षरं ओळखून टपाल लावलं तिच्या नवऱ्याने इंचभर अक्षरात बँकेला पत्र लिहावं? पाकीट मी उघडलं नाही. दुसऱ्याचं टपाल मी कधी उघडत नाही. पत्ता मात्र वाचला. तो वाचण्याचा मला पगार मिळत होता.

मी वेंडेलला काही बोलले नाही. पण गेल्या आठवड्यात ओग्ल्सबीबाईंची गाडी मागून घेतली आणि त्याला म्हटलं, चल, मला फिरवून आण. तो डावीकडे स्टिअरिंगशी बसला, मी त्याच्या उजव्या अंगाला. एकच सलग बाक, दारं नाहीत, बाजू उघडी, हात बाहेर काढला की वाटेतली झाडं हाताला लागतात. आणि माझ्या मनात आलं, अगंबाई, ही तर माझी टपालाची गाडी! मी बसलेय तीसुद्धा माझ्याच जागेवर.

तळ्याच्या वळणावर उजवीकडच्या झाडीतून एक बाई कुत्र्याला घेऊन अचानक पुढे आली. वेंडेलला त्या बाजूचं दिसतच नाही. मी ओरडायच्या आत माझा डावा हात स्टिअरिंगवर होता आणि डावा पाय त्याच्या बुटावरून थेट ब्रेकवर. गाडी जागच्या जागी थांबली. कुत्रा भुंकला, बाई हात हलवून गेली. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे. मग इतके हसलो की मागून येणाऱ्या दोन गाड्या आम्हाला वळसा घालून गेल्या. त्याची नडगी पुन्हा निळी झाली आहे.

तेव्हा ठरलं. गोल्फची गाडी घेतली, हिरव्या रंगाची. सकाळी न्याहारीला तो एकटा जातो, ओळखीच्या सरळ रस्त्याने, तेवढी त्याची. तळ्याकडे, चर्चला आणि बाजारात दोघं. तो चालवतो आणि त्याच्या उजव्या डोळ्याचं काम मी करते. ब्रेक दोघांचा. मी हे नाइलाजाने केलं असं समजू नकोस, मला मजा येतेय. कोणी म्हणालं असतं की मी या बसक्या गाडीत बसून खूश होईन, तर मी त्याला घरी जायला सांगितलं असतं.

ट्रुएटांना नाही म्हणून कळवलं. फोन ठेवल्यावर मात्र थोडी रडले. ते गाडीसाठी नव्हतं, कमरेसाठीही नव्हतं. मे महिन्यासाठी होतं. जनेलची इस्पितळातली पाळी नेमकी त्याच शनिवार-रविवारी आहे, तिने बदलून मागितली पण जमलं नाही. आणि बसने वेंडेलला तीन ठिकाणी चढवून-उतरवून आणणं मला एकटीला झेपायचं नाही. म्हणजे यंदा लर्लीनच्या पहिल्या फुलांना मी नाही. मेण लावलेली फुलं मी करून पोस्टाने पाठवते. आईच्या आणि लर्लीनच्या कबरीवर तूच ठेव, आणि लर्लीनला सांग की

काही सांगू नकोस. तिला माहीत आहे.

तुझी
ताई


टकर्स गॅप
१३ एप्रिल

ती. दाजींस,
सा. न. वि. वि.

मी पण मोठं अक्षर काढतोय. तुमचं गुपित माझ्या पोटात राहिलं नाही, माफ करा. मला लबाडी करायची सवय लर्लीनने कधी लागू दिली नाही.

मला त्या ट्रुएटांचा पत्ता पाठवा. कशाला ते विचारू नका. माझ्या शेडमध्ये तीन यंत्रांची जागा मोकळी पडली आहे, एवढंच सांगतो.

ताईला फुलं पोस्टात टाकू देऊ नका. काहीही कारण सांगा, ते तुम्हाला माझ्यापेक्षा बरं जमेल. आणि या वेळी तिकीट तिच्याकडून मागू नका. सोबत एक पाठवतोय.

आपला
ऑरिन


टकर्स गॅप
तुझ्याच स्वयंपाकघरातून
सोमवार, २९ मे

चि. ऑरिन यास,
ताईचे अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू शेडमध्ये काहीतरी ठोकत बसला आहेस, ऐकू येतंय. वेंडेल बाहेर गाडीत जाऊन बसलाय, डावीकडे, नडग्या आवळून. मी दहा मिनिटांत हे लिहून निघते.

समोरासमोर मला बोलता येणार नाही, म्हणून लिहिते. गेल्या गुरुवारी आमच्या दाराशी ती साईच्या रंगाची गाडी येऊन थांबली आणि तिच्या उजव्या दारातून तू एकेक अवयव बाहेर काढायला लागलास, तेव्हा मी ओळखलंच नाही. आधी गुडघा आला, मग टोपी. लर्लीनला पोचवल्यापासून जो माणूस तालुक्याची हद्द ओलांडायला तयार नव्हता, तो दिवसभर बसने आला, ट्रुएटांच्या ओसरीवर झोपला आणि एवढासा होऊन ती गाडी माझ्या दारात घेऊन आला! मी तुला पहिलं काय म्हटलं? केस किती वाढलेत, म्हटलं. तू मनावर घेऊ नकोस. तोंडात दुसरं काही आलंच नाही.

गाडी तुझ्या नावावर, तुझ्या शेडमध्ये आणि किल्लीच्या खिळ्यावर माझं नाव. सुट्ट्यांना तू न्यायला येणार आणि येताना मी चालवणार. हे सगळं तू असं सांगितलंस जणू काही गवताच्या यंत्राचं पातं बदलायचंय. मी दीड दिवस आतल्या रस्त्यांनी ती इथवर चालवत आणली. तू मागच्या सीटवर आडवा, मांडीवर केकचे सात थर, आणि प्रत्येक चढाला इंजिनाला शाबासकी देत. कंबर एकदाही दुखली नाही. ते मी तुला वाटेत सांगितलं नाही, कारण तू लगेच शेखी मिरवली असतीस.

काल डोंगरावर सगळं नीट झालं. फुलं चांगली टिकली, मेण वितळलं नाही. आईच्या शेजारी लर्लीनची कबर बघून मला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही, कारण तू तिथे खाली बसून तिला गाडीचं सगळं वर्णन सांगत होतास, इंजिनासकट. जेवताना तू तीन वेळा वाढून घेतलंस. ते मी मोजलं आणि मला फार बरं वाटलं.

आता हे पत्र. आज सरकारी सुट्टी आहे, टपाल नाही. तुझी ती चोख मुलगीही घरी झोपली असेल. म्हणून मी माझी जुनी वाट फिरून येते, वरच्या पुलापासून खालच्या गिरणीपर्यंत, सरळ बसून. वेंडेल म्हणतो, तू प्रत्येक डब्याशी थांबणार, मला दुपार होईल. मी म्हटलं, थांबणार नाही. कुठेच थांबणार नाही, फक्त येताना एका ठिकाणी.

पाकिटाला तिकीट लावलंय. नियम तो नियम, तुझ्या बायकोच्या कार्डाला मी सोडलं नाही तर स्वतःला का सोडू? शिक्का मारायला पोस्ट उघडं नाही, म्हणून त्यावर पेनाने रेघ मारली आहे. आम्ही वाटेत असंच करायचो.

साडेअकराच्या सुमारास डब्याशी हॉर्न वाजेल, दोनदा. म्हणजे हाताने लिहिलेलं पत्र आहे. तू बाहेर आलास की हे डब्यातून काढून तिथेच वाच आणि मग परत आत जा. मी ओट्यावर कॉफी करून झाकून ठेवली आहे, ती गरम कर आणि लर्लीनच्या त्या निळ्या कपात ओतून आण. सांडली तरी चालेल, पळू नकोस.

पुढे आज एकही डबा नाही, ऑरिन. मी थांबते.

तुझी
व्हर्लीनताई